यंत्राचा रिकामा वेळ

२०२० च्या एप्रिलमध्ये जगातला सर्वांत वेगवान संगणक कुठल्याही एका इमारतीत नव्हता. गेम खेळायला घेतलेली ग्राफिक्स कार्डं, विद्यार्थ्यांचे लॅपटॉप, कंपन्यांचे सर्व्हर, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या यंत्रांचा एक हिस्सा, असं सगळं मिळून तो बनला होता. या सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या प्रकल्पाचं नाव ‘फोल्डिंग ॲट होम’. वर्षाच्या सुरुवातीला त्याच्याकडे जेमतेम ३० हजार यंत्रं होती. करोना विषाणूच्या प्रथिनांवर काम सुरू झाल्याचं जाहीर झालं आणि काही महिन्यांत हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. एकत्रित वेग २.४ एक्साफ्लॉपपर्यंत पोचला. एकावर अठरा शून्यं इतकी गणितं दर सेकंदाला केली, की एक एक्साफ्लॉप होतो. तेव्हाच्या पहिल्या पाचशे महासंगणकांची बेरीजही याच्यापुढे कमी पडत होती. आणि यातल्या एकाही मिनिटाचे पैसे कुणी मागितले नव्हते.

त्याच वर्षीच्या मार्चमधली दुसरी घटना मला तितकीच महत्त्वाची वाटते. मदतीचा असा लोंढा आला, की ग्रेग बोमन यांच्या नेतृत्वाखाली तेव्हा सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून चालणाऱ्या या प्रकल्पाचे सर्व्हर अपुरे पडले. लोकांची यंत्रं सज्ज, पण वाटायला काम नाही. क्लाउड कंपन्यांनी काम वाटणारे सर्व्हर देऊ केले, तेव्हा घडी बसली. देणारे पुष्कळ असले तरी तेवढ्यानं भागत नाही. काम तुकड्यांत पाडायचं, लाखो ठिकाणी पाठवायचं, उत्तरं गोळा करायची, तपासायची, यासाठी माणसं लागतात आणि व्यवस्था लागते. एआयसाठी आज जगभर जी अफाट यंत्रसामग्री उभी राहते आहे, तिच्यातली शिल्लक क्षमता समाजाच्या उपयोगाच्या संशोधनाला द्यावी, अशी कल्पना मांडली जाते. ती मला मनापासून पटते. पण तिचा विचार या अनुभवापासूनच सुरू करायला हवा.

मुळात यंत्राचा वेळ शिल्लक राहतो म्हणजे काय? एसटी आगारातून सुटली की रिकामी राहिलेली सीट त्या फेरीपुरती वायाच गेली. ती साठवून ठेवून उद्याच्या गर्दीत कुणाला देता येत नाही. संगणकाचा वेळ असाच नाशवंत आहे. आपण पत्र टाइप करत असतो, तेव्हा दोन अक्षरांच्या मधल्या क्षणात प्रोसेसर कोट्यवधी गणितं करू शकला असता. तो करत नाही, आणि तो क्षण गेला की गेला.

कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठानं या वाया जाणाऱ्या वेळाकडे सगळ्या जगाचं लक्ष वेधलं. १७ मे १९९९ रोजी तिथून ‘सेटी ॲट होम’ सुरू झालं. पोर्तो रिकोतल्या आरेसिबो रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या लहरींत परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा संकेत सापडतो का, हे शोधायचं होतं. नोंदी प्रचंड होत्या आणि महासंगणक भाड्यानं घ्यायला पैसे नव्हते. मग त्या नोंदींचे बारीक तुकडे केले गेले. एका तुकड्यात १०७ सेकंदांची नोंद, आकार साडेतीनशे किलोबाइटच्या आसपास. डायल-अप मोडेमच्या दिवसांतही एवढा तुकडा घरी उतरवून घेता येई. संगणक मोकळा झाला की स्क्रीनसेव्हर सुरू व्हावा तसं हे काम सुरू होई आणि पडद्यावर रंगीत आलेख सरकू लागत. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी आपली यंत्रं जोडली. ३१ मार्च २०२० ला नवीन तुकडे वाटणं थांबलं, तोवर परग्रहावरून काही कानावर आलेलं नव्हतं. तरीही हा प्रकल्प मी फसलेला मानत नाही, कारण त्यातून प्रकल्पातल्याच डेव्हिड अँडरसन यांनी ‘बॉइंक’ ही सर्वांना वापरता येणारी मोफत प्रणाली घडवली. पुढचे कितीतरी प्रकल्प तिच्यावर उभे राहिले.

बॉइंक आपल्या संगणकावर बसवलं की नेमकं काय होतं, ते जरा जवळून बघू. यादीतून एक प्रकल्प निवडायचा. थोड्या वेळानं एक तुकडा उतरतो. खिडकीत त्याचं लांबलचक नाव दिसतं, पुढे किती टक्के झालं, किती वेळ गेला, अजून किती लागेल, आणि उत्तर कोणत्या तारखेच्या आत परत पाठवायचं. ही मुदत महत्त्वाची असते. तुकडा घेऊन कुणी महिनाभर संगणक बंदच ठेवला, तर मुदत टळताच तोच तुकडा दुसऱ्या कुणाला दिला जातो. आपण माउस हलवला की काम थांबावं, लॅपटॉप बॅटरीवर असताना चालू नये, फक्त रात्रीच चालावं, निम्मेच कोअर वापरावेत, हे सगळं आपण ठरवायचं. काम मध्येच तुटलं तरी ठरावीक अंतरानं नोंद होत असते. त्यामुळे वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आता शंका येते ती विश्वासाची. अनोळखी लोकांच्या लाखो संगणकांवरून आलेली उत्तरं खरी कशावरून? कुणाची मेमरी सदोष असेल, कुणी गुणांच्या हव्यासानं खोटी उत्तरं पाठवेल. (होय, इथे गुण मिळतात, संघ असतात आणि त्यांच्यात चुरसही चालते.) यावरचा उपाय अगदी साधा आहे. तोच तुकडा एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन जणांना द्यायचा. उत्तरं जुळली तर स्वीकारायची, नाही जुळली तर तिसऱ्याला द्यायचा. म्हणजे मिळालेल्या देणगीतला मोठा हिस्सा निव्वळ पडताळणीत खर्च होतो. आणि तो व्हायलाच हवा.

या पद्धतीत कुठली कामं बसतात आणि कुठली नाहीत, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. तुकडे एकमेकांशी न बोलता सुटत असतील तरच हे जमतं. प्रथिनांच्या हालचालीचं गणित पहिल्या नजरेला यात मुळीच बसत नाही, म्हणूनच ते कसं बसवलं हे समजून घेण्यासारखं आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती घड्या घालून आकार घेते आणि त्या आकारातही सतत वळवळत असते. ही वळवळ संगणकावर मोजायची तर काळाची फार छोटी पावलं टाकावी लागतात, सुमारे दोन फेम्टोसेकंदांची. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. प्रत्येक पावलाला हजारो अणूंवरची बलं नव्यानं मोजायची. एका सेकंदाचा हजारावा भाग बघायचा तर अशी ५० हजार कोटी पावलं झाली. शिवाय दुसरं पाऊल पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून, त्यामुळे ती वेगवेगळ्या घरी वाटून देता येत नाहीत.

स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी ऑक्टोबर २००० मध्ये फोल्डिंग ॲट होम सुरू केलं ते यावरची युक्ती घेऊनच. एक लांबलचक सफर करण्याऐवजी वेगवेगळ्या ठिकाणांहून हजारो छोट्या सफरी करायच्या. प्रथिन एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत किती वेळा गेलं ते प्रत्येक सफरीत मोजायचं, आणि या शक्यता जोडून सगळ्या प्रदेशाचा नकाशा तयार करायचा. छोट्या सफरींना एकमेकींची गरज नसते, म्हणून त्या घरोघरी वाटता येतात. २००७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन-३ वरही हे काम सुरू झालं आणि त्याच वर्षी या जाळ्यानं पेटाफ्लॉपचा टप्पा ओलांडला.

करोनाच्या वेळी या नकाशांचा उपयोग कसा झाला ते पाहा. विषाणूच्या काट्यांचे फोटो सूक्ष्मदर्शकानं टिपलेले होते, पण फोटोत एक क्षण गोठलेला असतो. विषाणूतल्या प्रथिनांची एकूण एक दशांश सेकंदाची हालचाल या जाळ्यानं मोजली. तेव्हा दिसलं की पेशीला चिकटण्यापूर्वी काटा प्रयोगात दिसला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त उघडतो. प्रथिनांच्या पृष्ठभागावर क्षणभरच उघडणारे पन्नासहून अधिक छुपे खळगेही सापडले. औषधाचा रेणू अडकवायला असेच खळगे लागतात. हे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’त प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास ‘कोविड मूनशॉट’ ही मोहीम सुरू झाली होती. विषाणूच्या एका मुख्य विकराला रोखणारे रेणू सुचवा, असं आवाहन जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना केलं गेलं. अठरा हजारांहून अधिक रचना आल्या. एवढे सगळे रेणू प्रयोगशाळेत बनवणं अशक्य. कुठला रेणू विकराला किती घट्ट धरेल याचा अंदाज फोल्डिंग ॲट होमच्या यंत्रांवर काढला गेला आणि निवडलेले चोवीसशेच्या वर रेणू प्रत्यक्षात बनवले गेले. पेटंट घ्यायचं नाही, सगळी माहिती खुली ठेवायची, हे आधीच ठरलेलं होतं. बाजारात गोळी आलेली नाही. औषधाचा रस्ता लांबच असतो. पण कुठल्याही देशाच्या प्रयोगशाळेला पुढे काम करता येईल अशी रेणूंची एक खुली मालिका तयार झाली. ‘सायन्स’नं २०२३ मध्ये ते सगळं छापलं.

आकाशाच्या शोधातलं एक उदाहरण महाराष्ट्राच्या दारात येऊन पोचतं. ‘आइनस्टाइन ॲट होम’ २००५ मध्ये सुरू झालं ते लायगो या वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधायला. विश्वात दूरवर झालेल्या टकरीची लहर क्षणभर येते आणि ती ओळखायला लायगोचे स्वतःचे संगणक पुरतात. पण एखाद्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याची अतिक्षीण लहर महिनोन्‌महिने अखंड येत असेल, तर ती शोधताना ताऱ्याची प्रत्येक संभाव्य दिशा आणि प्रत्येक संभाव्य गती तपासावी लागते. हे काम तुकड्यांत पाडायला अगदी सोयीचं आहे. तशी लहर अजून हाती लागायची आहे. मात्र याच जाळ्याला आरेसिबोच्या रेडिओ नोंदी दिल्या, तेव्हा २०१० मध्ये सेकंदाला ४१ गिरक्या घेणारा एक नवा स्पंदक तारा सापडला. स्वयंसेवकांच्या ज्या संगणकांनी तो पकडला, त्यांतला एक अमेरिकेतल्या आयोवा राज्यात होता आणि दुसरा जर्मनीतल्या माइंत्स शहरात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा उभारायला केंद्रानं २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिच्या नोंदी येऊ लागतील तेव्हा अशा दीर्घ शोधांना आणखी एक कान मिळेल.

आता एआयच्या यंत्रांचा मुद्दा. भाषेचं एखादं मोठं मॉडेल शिकतं, तेव्हा हजारो चिपा एकच पाठ वेगवेगळ्या उताऱ्यांवर गिरवतात आणि प्रत्येक पावलानंतर आपापल्या दुरुस्त्या एकमेकींना कळवतात. डेटा सेंटरमध्ये शेजारशेजारच्या चिपांना जोडणाऱ्या तारा घरच्या ब्रॉडबँडपेक्षा हजारो पटींनी वेगवान असतात. नाशिकची आणि नागपूरची दोन कार्डं इंटरनेटवरून जोडली, तर त्यांचा बहुतेक वेळ एकमेकांची वाट बघण्यातच जाईल. म्हणून लोकांच्या संगणकांवर एआय शिकवू, हे म्हणायला सोपं आणि करायला फार अवघड आहे.

तरी वाटा सापडल्या आहेत. डीपमाइंडच्या अल्फाझीरोनं २०१७ मध्ये स्वतःशीच डाव खेळून बुद्धिबळ शिकून दाखवलं. त्या डावांसाठी कंपनीनं पाच हजार खास चिपा वापरल्या होत्या. पुढच्याच वर्षी हौशी प्रोग्रामरांनी ‘लीला चेस झीरो’ सुरू केलं. स्वयंसेवकांच्या घरची कार्डं स्वतःशी डाव खेळत आणि फक्त डावांच्या नोंदी मध्यवर्ती सर्व्हरला पाठवत. शिकण्याचं काम तिथे होई. डाव एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे हे जमलं, आणि मे २०१९ मध्ये लीलानं संगणकांच्या टीसीईसी बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम लढतीत स्टॉकफिश या प्रोग्रामला हरवलं.

भारतीय भाषा बोलणाऱ्यांना त्याहून जवळचं उदाहरण ‘सहजबर्ट’चं. २०२१ च्या मे महिन्यात हगिंग फेस आणि यांडेक्स या कंपन्या आणि बंगाली तंत्रज्ञांचा एक गट यांनी मिळून बंगालीसाठी भाषेचं मॉडेल शिकवलं. भाग घेणारे चाळीसच्या आसपास. बऱ्याच जणांकडे स्वतःचं कार्डही नव्हतं. ते कोलॅब आणि कॅगल या ऑनलाइन सेवांवर मिळणारा यंत्रांचा फुकट वेळ देत होते. माणसं येत-जात राहत, कुणाचं सत्र मध्येच तुटे, तरी शिकणं चालू राही. यातली हुशारी मॉडेलच्या निवडीत होती. त्याचे सगळे थर तेच आकडे वापरतात, त्यामुळे दर खेपेला एकमेकांना पाठवायच्या दुरुस्त्यांचं ओझं खूपच कमी होतं. तयार झालेलं मॉडेल अनेक भाषांच्या अवाढव्य मॉडेलांच्या बरोबरीनं बंगालीत काम करू लागलं. २०२३ मध्ये डीपमाइंडच्या संशोधकांनी ‘डिलोको’ ही पद्धत मांडली. प्रत्येक गटानं आपापल्या जागी बराच वेळ शिकायचं आणि मग क्वचितच दुरुस्त्यांची देवाणघेवाण करायची. त्यांच्या प्रयोगात ही देवाणघेवाण पाचशे पटींनी घटली. अंतराची अडचण यानं संपलेली नाही, पण तिची धार कमी झाली आहे.

शिवाय शिकलेलं मॉडेल वापरणं हे शिकवण्यापेक्षा वाटून द्यायला कितीतरी सोपं आहे. लाखभर जुने छापील कागद वाचून त्यांचा मजकूर करायचा असो, जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो चाळायचे असोत, की लाखो रेणूंमधून आशादायक वेगळे काढायचे असोत, प्रत्येक फोटो आणि प्रत्येक रेणू आपल्यापुरता स्वतंत्र असतो. एआयची शिल्लक क्षमता सर्वांत आधी इथे वापरली जावी, असं माझं मत आहे.

पण ही शिल्लक आज फुकट नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सेटीच्या सुरुवातीच्या काळातल्या बहुतेक घरगुती संगणकांत रिकामं बसणं आणि काम करणं यांत विजेचा फार फरक पडत नसे. आताची यंत्रं मोकळी असली की झोपी जातात आणि कामाला लागली की वीज खेचतात. एखादं कार्ड ३०० वॉट खात असेल, तर चोवीस तासांत ७.२ युनिट आणि महिन्याला २१६ युनिट झाली. दहा रुपये युनिट धरलं तर २,१६० रुपये. उन्हाळ्यात खोली तापते ती वेगळीच. एवढी रक्कम कुणी दरमहा हौसेनं देत असेल तर आनंद आहे, पण आपण काहीतरी देतो आहोत हे त्याला माहीत असावं. दिवसाकाठी तास-दोन तास यंत्र जोडलं तरी बरेच तुकडे पूर्ण होतात.

खरी मोठी शिल्लक डेटा सेंटरांत आहे. मागणी चढते तेव्हा कमी पडू नये म्हणून तिथे यंत्रं जास्तच ठेवावी लागतात आणि मागणी उतरली की ती पडून राहतात. कंपन्या हा वेळ ‘कधीही परत घेऊ’ या अटीवर स्वस्तात विकतात. आपण वर पाहिलेले तुकडे कधीही थांबू शकतात आणि पुन्हा सुरू होऊ शकतात, त्यामुळे ही अट त्यांना चालते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत सरकार, विद्यापीठं आणि कंपन्या यांनी करोनाच्या संशोधनासाठी आपले महासंगणक एकत्र आणले. पुढे त्यात चाळीसहून अधिक संस्था झाल्या. तिथे प्रस्ताव मागवले जात, तज्ज्ञ ते तपासत, आणि मग कुठल्या कामाला कुठलं यंत्र द्यायचं ते ठरे. नुसते क्लाउडच्या फुकट वापराचे क्रेडिट वाटून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ज्या छोट्या संस्थेकडे काम तुकड्यांत पाडणारा एकही अभियंता नाही, तिच्या क्रेडिटची मुदत बहुधा न वापरताच संपते. कंपन्यांनी यंत्राच्या वेळाबरोबर आपल्या अभियंत्यांचा वेळही द्यावा, असा आग्रह धरायला हवा.

घरून यंत्र जोडणाऱ्यानं तीन गोष्टी पाहाव्यात. निष्कर्ष सर्वांसाठी खुले होणार आहेत का. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणावरूनच घेतलं आहे ना, कारण आपण परक्याचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवत असतो. आणि यंत्र आपलं आहे का. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातल्या कर्मचाऱ्यानं तिथल्या यंत्रांवर परवानगीशिवाय असा प्रोग्राम बसवला, त्यावरून या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि दंड व देखरेखीची शिक्षा घेऊन तो मिटला. हेतू कितीही चांगला असो, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या संगणकासाठी लेखी परवानगी घ्यावीच. रुग्णालयांच्या नोंदींसारखी खासगी माहिती मात्र अशा जाळ्यावर जाताच कामा नये. तिची जागा संस्थेच्या कुलपाआडच्या सर्व्हरवर आहे.

मराठीपुरतं बोलायचं तर पाया घातलेला आहे. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटानं मराठी मजकुराचा मोठा संग्रह आणि त्यावर शिकवलेलं ‘महाबर्ट’ २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. पुण्यातच सी-डॅकचा ‘ऐरावत’ हा एआयसाठीचा महासंगणक आहे. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतली यंत्रं संध्याकाळनंतर आणि सुट्ट्यांत बंद असतात. एखाद्या विद्यापीठानं वीजबिलाची तरतूद करून आणि काम वाटायला दोन पूर्णवेळ माणसं नेमून ती जोडून घेतली, तर जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं शोधता येतील अशा मजकुरात आणण्याचं काम आजच्या साधनांनी सुरू करता येईल. प्रत्येक पान स्वतंत्र आहे, गोपनीय काही नाही, आणि तेच पान दोन यंत्रांना देऊन पडताळताही येतं.